चार आण्याची कोंबडी

श्रोतेहो, नमस्कार.

जीपीयू, म्हणजे एकाच वेळी हजारो गणितं करणारी ग्राफिक्स चिप, जोडला की प्रोग्रॅम आपोआप वेगानं धावतो, असा माझाही समज होता. छायाचित्रं स्वच्छ करणाऱ्या एका प्रोग्रॅममध्ये एक मोठं लूप होतं, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करणारा भाग. त्यातलं गणित मी हौसेनं जीपीयूवर नेलं. झालं काय, तर प्रोग्रॅम पूर्वीपेक्षा हळू चालायला लागला!

मग प्रोफायलर लावला. प्रोग्रॅमचा वेळ नेमका कुठे जातो, ते दाखवणारं हे अवजार. पडद्यावर गणिताच्या केसासारख्या बारीक रेघा दिसल्या आणि त्यांच्यामध्ये लांबलचक पट्टे, ते सगळे डेटाच्या ने-आणीचे. लूपच्या प्रत्येक फेरीला मी अख्खं चित्र जीपीयूकडे धाडत होतो आणि लगेच परत मागवत होतो. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला!

पुण्याच्या सी-डॅकमधल्या परम सिद्धी-एआय या महासंगणकात एनव्हिडिया कंपनीची ए-१०० ही जीपीयू कार्डं आहेत. अशा कार्डाची स्वतःची मेमरी सेकंदाला दीड हजार गिगाबाइटहून जास्त डेटा पुरवते. पण सीपीयूकडून, म्हणजे संगणकाच्या मुख्य प्रोसेसरकडून, कार्डाकडे येणारा पीसीआय एक्सप्रेसचा रस्ता? एका दिशेनं जेमतेम ३२.

पूर्वी तर आकडे म्हणजे चित्रंच आहेत असं भासवून ते जीपीयूच्या गळी उतरवावे लागत. २००७ मध्ये जीपीयूसाठी प्रोग्रॅम लिहिण्याचं कुडा हे साधन आलं आणि सी भाषेसारखं सरळ लिहिता येऊ लागलं, पण फक्त एनव्हिडियाच्याच कार्डांसाठी. पुढच्या वर्षी ओपनसीएल आलं, ते सगळ्यांसाठी खुलं. मला मात्र ते कधी रुचलं नाही. साधी बेरीज करायची तरी आधी डिव्हाइस शोधा, कॉन्टेक्स्ट बनवा, रांग लावा, बफर मागा. शिवाय एका कंपनीच्या कार्डावर पळणारा कोड दुसरीच्या कार्डावर चालतो खरा, पण बऱ्याचदा रखडत.

सिकल (SYCL) हे असंच आणखी एक खुलं साधन. ते मला जवळचं वाटतं ते यासाठी की, कोणता डेटा वाचणार आणि कोणता लिहिणार एवढंच त्याला सांगायचं. कुठला डेटा कधी हलवायचा, ते त्याचं रनटाइम, म्हणजे प्रोग्रॅम चालू असताना मागे काम करणारा भाग, बघतं.

माझ्या प्रोग्रॅममध्ये मी फक्त दोन ओळी हलवल्या. चित्र पाठवणं लूपच्या आधी, परत आणणं लूपनंतर. लांब पट्टे गेले. आता कोडमधलं एक 'जर-तर' खुपतंय. एनव्हिडियाच्या कार्डांवर ३२ थ्रेड, म्हणजे कामाचे ३२ धागे, एकाच हुकमावर चालतात. त्यांतले काही 'जर'कडे वळले की उरलेले नुसते थांबून राहतात. आज रात्री त्याच्याकडे बघायचंय.