कंपवात आणि त्वचेतला पुरावा

श्रोतेहो, नमस्कार.

कंपवाताचं, म्हणजे पार्किन्सन्सचं निदान आजही प्रामुख्याने डॉक्टरांच्या नजरेवर होतं. ते रुग्णाला चालायला लावतात, अंगठ्यावर तर्जनी भराभर टेकवायला सांगतात, मनगट हलवून ताठरपणा जोखतात. साधा एमआरआय बहुतेकदा नॉर्मल येतो. मेंदूत साचणारं अल्फा-सिन्युक्लिन हे प्रथिन डोळ्यांनी पाहायचं, तर मृत्यूनंतरची तपासणी एवढाच मार्ग होता.

पण हे बिघडलेलं प्रथिन त्वचेतल्या सूक्ष्म मज्जातंतूंमध्येही सापडतं. म्हणून मानेमागून, मांडीच्या खालच्या भागातून आणि घोट्याच्या वरून, जागा बधिर करून, तीन मिलिमीटर रुंदीचे त्वचेचे तुकडे काढतात. टाके सहसा लागत नाहीत. मग त्या तुकड्यांचे पातळ काप रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात.

अमेरिकेतल्या अनेक केंद्रांवर झालेला याचा अभ्यास 2024 साली ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. कंपवाताच्या 96 रुग्णांपैकी 89 जणांच्या त्वचेत ते प्रथिन सापडलं. हा आजार नसलेल्या 120 जणांपैकी फक्त चौघांच्या. मला हे आकडे फार मोलाचे वाटतात. मात्र ल्युई बॉडी डिमेन्शिया आणि मल्टिपल सिस्टिम अॅट्रोफी या भावंड-आजारांतही तेच प्रथिन असतं. त्यामुळे नुसत्या ‘पॉझिटिव्ह’ रिपोर्टवरून आजाराचं नाव ठरत नाही. ते लक्षणांवरूनच ठरवावं लागतं.

लक्षणं स्पष्ट आहेत, लेवोडोपा या कंपवातावरच्या मुख्य औषधाने चांगला फरक पडतोय, अशा रुग्णाला या तपासणीची घाई नको. खरी गरज असते ती चित्र धूसर असताना. समजा, आजींना खोलीत नसलेली माणसं दिसतात. ते ल्युई बॉडी डिमेन्शियामुळे असेल, तर भास थांबवायला दिलं जाणारं हॅलोपेरिडॉलसारखं औषध त्यांच्या जिवावर बेतू शकतं. तिथे वेळेवर मिळालेला पुरावा फार उपयोगी पडतो.

आणि एक गोष्ट तर फुकटात होते. चक्कर किंवा उलटीवरच्या काही गोळ्या, म्हणजे सिनारिझिन, फ्लुनारिझिन, मेटोक्लोप्रामाइड, दीर्घकाळ घेतल्या तर हुबेहूब कंपवातासारखी लक्षणं दिसू शकतात. म्हणून न्यूरॉलॉजिस्टकडे जाताना घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या. गोळी बंद करायची की नाही, ते त्यांनाच ठरवू द्या.

नमस्कार.