अधोरेखित वचने

ख्रिस्ती घरातले जुने पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, हातात घेतले, की ते आपोआप कोठे उघडते हे पाहावे. बांधणी तेथे सैल झालेली असते, पानाच्या कडा बोटांनी काळवंडलेल्या असतात, एखाद्या ओळीखाली पेन्सिलीची रेघ असते आणि समासात कधी कधी एक तारीख असते: मुलाच्या बाप्तिस्म्याची, एखाद्या शस्त्रक्रियेची, घरातल्या कोणाच्या जाण्याची. त्या ओळीला घरातली माणसे ‘वचन’ म्हणतात. मराठीत वचन म्हणजे बोललेले वाक्य आणि वचन म्हणजे दिलेला शब्दही. रेघ ओढणाऱ्याच्या मनात हे दोन्ही अर्थ एकाच वेळी असतात.

ही वचने लहानपणीच पाठ होतात. रविवारच्या शाळेत मूल उभे राहते, अध्याय आणि ओवीचा क्रमांक सांगते आणि एका दमात वचन म्हणून दाखवते. दाराच्या चौकटीवर यहोशवाचे शब्द लावलेले असतात: “मी आणि माझे घराणे तर परमेश्वराची सेवा करणार.” काही चर्चच्या मंडळ्यांमध्ये वर्षाच्या शेवटच्या रात्री, उपासना संपताना, प्रत्येक जण एक चिठ्ठी उचलतो आणि तीवरचे वचन येणाऱ्या वर्षासाठी आपले म्हणून घरी नेतो.

मात्र ज्यांनी हे ग्रंथ लिहिले त्यांनी ओव्यांना क्रमांक दिलेले नव्हते. आज नव्या करारात दिसणारे क्रमांक रॉबेर एस्तिएन या मुद्रकाने १५५१ साली आपल्या ग्रीक आवृत्तीत घातले. वचन शोधणे आणि पाठ करणे त्यामुळे सोपे झाले. पण ते उचलून वेगळे ठेवणेही सोपे झाले. पुढे येणारी वचने आम्ही ज्या जागेवरून उचलली गेली तेथेच पुन्हा ठेवून वाचणार आहोत, कारण आमच्या अनुभवाप्रमाणे त्यांचे बळ त्या जागेत आहे.

सर्वांत अधिक पाठ असते ते तेविसावे स्तोत्र. माझ्या आजीला अक्षरओळख नव्हती, पण हे स्तोत्र तिला अडखळल्याशिवाय म्हणता येत असे. “परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही.” पाश्चात्त्य चित्रांमधून आलेला मेंढपाळ शुभ्र वस्त्रांत, हिरव्यागार कुरणात उभा असतो. दख्खनच्या पठारावरच्या माणसाला मात्र मेंढपाळ म्हटले की धनगर आठवतो: खांद्यावर घोंगडी, हातात काठी, फांदी खाली ओढायची आकडी, आणि चाऱ्याच्या मागे घरापासून कित्येक कोस दूर गेलेला मेंढ्यांचा वाडा. त्याच्या मेंढ्यांना हिरवी कुरणे आयती मिळत नाहीत. पाणी आणि चारा कोठे आहे हे त्याला ठाऊक असते, म्हणून त्या जगतात. यहूदियाचा डोंगराळ प्रदेशही असाच कोरडा आहे. तेव्हा ‘उणे पडणार नाही’ या शब्दांत सुबत्तेचे वर्णन नाही, वाट दाखवणाऱ्यावरचा भरवसा आहे.

या स्तोत्रात एक बदल आहे, जो पाठ म्हणणाऱ्याच्या तोंडून सहज निसटून जातो. पहिल्या तीन ओव्यांत स्तोत्रकर्ता दावीद देवाविषयी बोलतो: तो मला निजवतो, तो मला नेतो, तो माझा जीव ताजातवाना करतो. चौथ्या ओवीत दरी येते, आणि तेथे ‘तो’ हा शब्द थांबतो. “मृत्युच्छायेच्या दरीतूनही मी जात असलो तरी कसल्याही अरिष्टाला भिणार नाही, कारण तू माझ्याबरोबर आहेस, तुझी आकडी व तुझी काठी मला धीर देतात.” उजेडात ज्याच्याविषयी बोलणे चालले होते, त्याच्याशी आता अंधारात बोलणे सुरू होते. आजारी माणसाच्या उशाशी हे स्तोत्र का म्हणतात, याचे उत्तर मला या एका सर्वनामात दिसते. रुग्णाला धर्मशास्त्र समजावून सांगण्याची ती वेळ नसते. त्याला कोणाला तरी ‘तू’ म्हणता यावे, एवढेच हवे असते.

आता एका विहिरीकडे जाऊ. योहानाच्या शुभवर्तमानाच्या, म्हणजे त्याने सांगितलेल्या येशूच्या चरित्राच्या, चौथ्या अध्यायात, भर दुपारी, प्रवासाने थकलेला येशू शोमरोनातल्या याकोबाच्या विहिरीवर बसला आहे. एक स्त्री पाणी भरायला येते आणि तो तिच्याकडे पाणी मागतो. ती चकित होते, कारण यहूदी लोक शोमरोन्यांशी व्यवहार ठेवत नसत. ती म्हणते की, तुमच्याजवळ पोहरा नाही आणि विहीर तर खोल आहे. मराठी वाचकाला येथे वेगळी टीप लागत नाही. कोणाच्या हातचे पाणी कोणी प्यावे आणि कोणत्या पाणवठ्यावर कोणी पाऊल ठेवू नये, हे या भूमीत पिढ्यान्‌पिढ्या ठरवले गेले होते. महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेण्यासाठी १९२७ साली सत्याग्रह करावा लागला. त्या पार्श्वभूमीवर हे वचन ऐकावे: “मी देईन ते पाणी जो कोणी पिईल त्याला कधीही तहान लागणार नाही.” यातले ‘जो कोणी’ हे दोन शब्द त्या स्त्रीने ऐकले आणि आपली घागर तेथेच टाकून ती गावात सांगायला गेली.

पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात या अध्यायाला विशेष स्थान आहे. संस्कृत विद्येत पारंगत असलेल्या रमाबाई पतीच्या निधनानंतर १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज येथील ख्रिस्ती धर्मभगिनींच्या आश्रमात राहिल्या. समाजाने ‘पतित’ म्हणून बाजूला टाकलेल्या स्त्रियांना तेथील भगिनी ज्या मायेने वागवत, ते पाहून त्या विचारात पडल्या आणि या वागण्यामागचे कारण त्यांनी विचारले. तेव्हा एका भगिनीने त्यांना शोमरोनी स्त्रीची ही कथा वाचून दाखवली. चौथा अध्याय वाचल्यावर ख्रिस्त हाच तारणारा आहे हे आपल्याला उमगले, असे रमाबाईंनी पुढे आपल्या साक्षीत लिहिले. भारतातल्या पददलित स्त्रीला उचलून धरील असा तो एकच, हा त्यांचा निष्कर्ष होता. त्यांच्यासाठी या वचनाचा अर्थ केडगावच्या मुक्ती मिशनच्या रूपाने उभा राहिला, जेथे दुष्काळात सापडलेल्या शेकडो मुलींना आणि विधवांना त्यांनी आसरा दिला. ‘मुक्ती’ हे नावही यशया या संदेष्ट्याच्या ग्रंथाच्या साठाव्या अध्यायातून आले आहे. तेथे नगराच्या तटांना तारण आणि वेशींना स्तुती असे नाव दिलेले आहे.

रमाबाई तेथे थांबल्या नाहीत. खेड्यातल्या, थोडेच शिकलेल्या स्त्रीला समजेल अशा मराठीत संपूर्ण बायबल असावे म्हणून त्यांनी इब्री आणि ग्रीक भाषांचा अभ्यास केला आणि आयुष्याची शेवटची अनेक वर्षे त्या भाषांतरासाठी दिली. मुक्तीच्या स्वतःच्या छापखान्यात तेथील स्त्रियांनी त्याची छपाई केली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचे निधन झाले, तोवर भाषांतराचे काम त्यांनी पुरे केले होते. आपल्या आवडीचे वचन दुसऱ्याला सांगण्याचे अनेक मार्ग आहेत. सगळा ग्रंथच त्या दुसऱ्याच्या भाषेत आणण्याइतका दीर्घ मार्ग फार थोड्यांनी पत्करला असेल.

नारायण वामन टिळकांची हकीकत थोडक्यात सांगतो, कारण ती अनेकांना ठाऊक आहे. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात एका युरोपीय प्रवाशाने त्यांना नव्या कराराची प्रत दिली. वाचीन असा शब्द दिला होता म्हणून त्यांनी वाचायला घेतले. लक्षात ठेवण्याजोग्या जागी खूण करत करत ते मत्तयाच्या पाचव्या अध्यायापर्यंत, डोंगरावरील प्रवचनापर्यंत आले आणि तेथून त्यांना पुढे जाववेना. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. या निर्णयाची झळ त्यांच्या संसाराला लागली. पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या आणि नंतर स्वतःच्या विचाराने ख्रिस्ती झाल्या. ज्यांना हे प्रवचन सुंदर वाटते त्यांनी ही किंमतही लक्षात ठेवावी, कारण प्रवचनाच्या आरंभी येशू ज्यांना ‘धन्य’ म्हणतो त्यांच्या यादीत छळ सोसणाऱ्यांचाही समावेश आहे.

मत्तयाच्याच शुभवर्तमानातले आणखी एक वचन मराठी कानाला फार जवळचे आहे: “अहो कष्टी व भाराक्रांत जनहो, तुम्ही सर्व माझ्याकडे या म्हणजे मी तुम्हांला विसावा देईन.” ‘विसावा’ हा शब्द विश्रांतीहून निराळा आहे. डोक्यावरचे ओझे उतरवून वाटसरू घटकाभर टेकतो तो विसावा. पुढची वाट अजून शिल्लक असते. हे वचन बहुतेक वेळा येथेच थांबवले जाते. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत आणि मोबाइलवर पाठवलेल्या चित्रांतही एवढेच असते. पण पुढच्याच वाक्यात येशू म्हणतो की, माझे जू आपणांवर घ्या. थकलेल्या माणसाला विसावा द्यायचा आणि लगेच त्याच्या मानेवर जू ठेवायचे, हे प्रथमदर्शनी विसंगत वाटते.

शेतकऱ्याला विचारले तर तो ही विसंगती सोडवून देतो. बैलाला थकवते ते नुसते ओझे नव्हे. जू नीट बसले नाही, तर खांदा सोलतो, तेथे जखम होते आणि बैल जू पाहूनच मागे सरतो. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपल्याकडे खांदेमळणी करतात. हळद आणि लोणी लावून बैलाचे खांदे हळूहळू चोळले जातात, कारण वर्षभर सगळे काम त्या खांद्यावरून गेलेले असते. आता पुढचे वचन वाचावे: “माझे जू सोयीचे व माझे ओझे हलके आहे.” सोयीचे, म्हणजे मानेला बेतून केलेले. येशू सुताराच्या घरात वाढला, आणि तो नांगर व जू घडवत असे अशी आठवण दुसऱ्या शतकातल्या जस्टिन या ख्रिस्ती लेखकाने नोंदवून ठेवली आहे. शिवाय जुवाखाली एकटा बैल चालत नाही. दुसऱ्या बाजूला जोडीदार असतो. काम संपेल असे आश्वासन या वचनात नाही. उद्याही पहाटे उठायचे आहे, आजारी सासऱ्यांचे करायचे आहे, कर्जाचा हप्ता भरायचा आहे. श्रद्धावंत माणूस एवढेच म्हणतो की, जुवाच्या दुसऱ्या टोकाला कोण आहे हे मला ठाऊक आहे, आणि म्हणून माझा खांदा सोलत नाही.

दोन वचनांविषयी मला थोडे आग्रहाने बोलायचे आहे, कारण ती फार वापरली जातात आणि मला वाटते की कमी वाचली जातात. परीक्षेच्या दिवशी मुलांना सांगितले जाते: “मला जो सामर्थ्य देतो त्याच्याकडून मी सर्वकाही करण्यास शक्तिमान आहे.” हे वाक्य प्रेषित पौलाने बंदिवासातून लिहिलेल्या पत्रात आहे, आणि त्याच्या आधी तो सांगतो की, भरल्या पोटी कसे राहावे आणि उपाशी कसे राहावे हे दोन्ही मी शिकलो आहे. ‘सर्वकाही’ या शब्दात उपास येतो, म्हणून नापास होणेही येते. मुलाला हे वचन जरूर द्यावे, फक्त निकालाच्या दिवशीही तेच वचन पुन्हा द्यावे.

दुसरे वचन यिर्मया या संदेष्ट्याचे आहे. देवाचे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत आणि ते भावी सुस्थितीची आशा देणारे आहेत, असे ते सांगते. नवी नोकरी लागली, घर बदलले, लग्न ठरले की हे वचन पाठवले जाते. मुळात हा मजकूर यरुशलेमेहून बाबेलला, म्हणजे बॅबिलोनला, बंदिवान करून नेलेल्या लोकांना पाठवलेल्या पत्रातला आहे. लवकरच घरी परत जाल असे खोटे संदेष्टे त्यांना सांगत होते. यिर्मयाने लिहिले की, सत्तर वर्षे लागतील. तोवर परक्या भूमीत घरे बांधा, बागा लावा, मुलाबाळांची लग्ने करा आणि ज्या नगरात तुम्हाला नेले आहे त्याच्या कल्याणासाठी प्रार्थना करा. पत्र ऐकणाऱ्यांतील बहुतेक प्रौढ माणसे बाबेलमध्येच मरणार होती. आशा त्यांच्या नातवंडांसाठी होती आणि बाग मात्र त्यांनी लावायची होती. दुष्काळात गाव सोडून मुंबई-पुण्याच्या चाळींत आलेल्या ज्या पिढीने दहा बाय दहाच्या खोलीत प्रार्थनासभा भरवल्या, त्या पिढीला हे वचन आमच्यापेक्षा अधिक कळले असावे असे मला वाटते.

शेवटचे वचन दफनभूमीतले आहे. वसईत असो वा अहिल्यानगरला, कबरीवरच्या संगमरवरी पाट्यांवर ते वारंवार कोरलेले दिसते: “पुनरुत्थान व जीवन मीच आहे, जो माझ्यावर विश्वास ठेवतो तो मेला असला तरी जगेल.” पाटीवर जागा थोडी असते, म्हणून वाक्य तेथे संपते. योहानाच्या शुभवर्तमानात ते संपत नाही. येशू हे शब्द मार्थेला सांगतो आहे, जिचा भाऊ लाजर चार दिवसांपूर्वी पुरला गेला आहे आणि जी नुकतीच त्याला म्हणाली आहे की, आपण येथे असता तर माझा भाऊ मेला नसता. वचन दिल्यावर तो तिला विचारतो, “हे तू खरे मानतेस काय?”

हा प्रश्न कोणत्याही पाटीवर कोरलेला मी पाहिलेला नाही. पण नोव्हेंबरच्या दुसऱ्या तारखेला, मृतांच्या स्मरणदिनी, मेणबत्ती घेऊन आलेली माणसे कबरीपाशी उभी राहतात, तेव्हा तो त्यांच्यासमोर असतोच. मार्थेने उत्तर दिले, “होय, प्रभूजी, जगात येणारा जो देवाचा पुत्र ख्रिस्त तो आपणच आहात असा विश्वास मी धरला आहे.” ती हे बोलली तेव्हा लाजराच्या कबरेवरची धोंड अजून काढलेली नव्हती.