भोकं मोजा, लिटर मोजा

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय ‘वाळवी: घरगुती इलाज की पेस्ट कंट्रोल?’ त्याकडे येतोच. आधी एक तक्रार, आणि ती रॉकेलबद्दल आहे.

चौकटीवर मातीची रेघ दिसली की घरोघरी काय होतं? झाडूच्या दांड्यानं ती खरवडायची, वर रॉकेल नाहीतर डिझेल चोपडायचं आणि दोन दिवस तो वास विजयासारखा मिरवायचा. अहो, ती रेघ म्हणजे वाळवीचा जिना. जिना पाडला म्हणून भाडेकरू जागा सोडतो का? (इथे बरेच घरमालक बसलेत, त्यांना उत्तर ठाऊक आहे.) राणी बसलीय खाली, ओल्या मातीत. वर येतात त्या कामकरी. अंगातली ओल सुकू नये म्हणून मातीच्या नळीतून. नळी मोडली की काही दिवसांत कपाटाच्या पाठीमागून नवी वाट निघते, आणि ती दिसते थेट फळी पोकळ वाजायला लागल्यावर.

नुकसान पुढेच आहे. इमिडाक्लोप्रिड, फिप्रोनिल ही औषधं वाळवीला जाणवत नाहीत. ती त्यातून बिनधास्त चालते आणि अंगाला लागलेलं औषध इतरांना वाटते. रॉकेलाच्या जागी ती फिरकतच नाही, मग औषध घेणार कोण? म्हणून नळी दिसली तर फक्त बोटभर फोडा. आत पांढरी कीड वळवळली, किंवा एक-दोन दिवसांत नळी पुन्हा लिंपली गेली, की वाट चालू आहे. फोटो काढा, बाकी हात लावू नका. हिंग-मिठाबद्दल बोलत नाही, फोडणीला उत्तम.

आणि सगळीच कीड मातीतली नसते. कपाटाखाली खसखशीसारखे कोरडे दाणे सांडले असतील तर ती कोरड्या लाकडातली वाळवी, मैद्यासारखा भुगा असेल तर भुंगेरा. दोन्हींना जमिनीत औषध ओतून काडीचा उपयोग नाही. उपचार त्या लाकडावरच.

अध्यक्ष घड्याळ दाखवतायत. म्हणजे मूळ विषयाला पाच मिनिटं. घ्या भराभर.

स्वतः काय करावं? सिंकखालची गळती थांबवा, कपाट भिंतीपासून दोन बोटं सरकवा, पुठ्ठ्याची खोकी जमिनीवरून उचला. चौकटीत ६ मिमीची भोकं १५ सेंमी अंतरानं, खाली उतरती तिरकी पाडा, सिरिंजनं लाकडासाठीचं तेली औषध भरा, लांबीनं (म्हणजे पुट्टीनं) बुजवा. त्या औषधाला बहुधा रॉकेलचाच वास येतो, तेव्हा तीही हौस फिटेल. फक्त गॅस बंद ठेवा.

जमिनीचं काम मात्र परवानाधारकाकडे, पण डोळे उघडे ठेवून. भारतीय मानक आयएस ६३१३, भाग ३: भिंत आणि फरशीच्या सांध्यात १२ मिमीची भोकं, दर ३० सेंमीला एक, प्रत्येकात जास्तीत जास्त एक लिटर. दहा बाय बाराच्या खोलीचा घेर ४४ फूट. दार वगळून ४० भोकं, म्हणजे साधारण ४० लिटर द्रावण. पाच लिटरचा हातपंप घेऊन तीन खोल्या अर्ध्या तासात उरकणारा माणूस तुमची फरशी पुसून जातोय. इमिडाक्लोप्रिड ३०.५ टक्के असेल तर लिटरभर पाण्याला २.१ मिली, क्लोरपायरिफॉस २० टक्के असेल तर एका भागाला १९ भाग पाणी. सीलबंद बाटली समोर फोडायला लावा.

पहिल्या भोकापाशी उभं राहून बघा. औषध लगेच वर फसफसून आलं तर ड्रिल काँक्रीटमध्येच अडलंय, मातीपर्यंत पोचलेलं नाही. खोल पाडायला सांगा. नळाचे पाइप आणि वायरी कुठून गेल्यात ते मात्र त्याला आधीच दाखवा.

बांधकाम चालू असलेल्यांनी फरशीखालच्या भरावावर चौरस मीटरला ५ लिटर द्रावण मारून घ्या, काँक्रीट पडायच्या आत. आणि विहीर किंवा बोअर जोत्याला लागून असेल तर औषधाचा पंप सुरू व्हायच्या आधी पेस्ट कंट्रोलवाल्याला तिथपर्यंत चालत नेऊन दाखवा. त्या बाजूला जमिनीत औषध सोडायचं नाही.