पत्करलेली आणि लादलेली

मंडळी, सुरुवात एका नटापासून करतो. रंगमंचावरचा नट नव्हे, नळ्या जोडताना पिळतो तो. ॲल्युमिनियमचा, मुठीत सहज मावणारा. प्रशांत महासागरात क्वाजालीन नावाचा प्रवाळबेटांचा पुंजका आहे. त्यातल्या ओमेलेक या चिमुकल्या बेटावरून २४ मार्च २००६ रोजी स्पेसएक्सचं पहिलं रॉकेट, फाल्कन १, उडालं. त्या नटापाशी उड्डाणाआधीच केरोसीन गळायला लागलं होतं. इंजिन पेटलं तसा गळतीनंही पेट घेतला, अर्ध्या मिनिटाच्या आसपास इंजिन बंद पडलं आणि रॉकेट किनाऱ्यालगत येऊन कोसळलं. टोकावर बसवलेला छोटा उपग्रह तर उडून कंपनीच्याच शेडच्या छपरातून आत पडला.

हे झालं यंत्राचं. मला आज बोलायचंय ते त्यानंतर काय बोललं गेलं, त्याविषयी. काही दिवसांतच कंपनीचे संस्थापक इलॉन मस्क यांनी जाहीरपणे कारण सांगितलं: आदल्या दिवशी रॉकेटवर काम करताना तंत्रज्ञाकडून चूक झाली. चौकशी पुढे सरकली तेव्हा निघालं भलतंच. समुद्राच्या खाऱ्या हवेनं तो नट गंजून कमकुवत झाला होता आणि तडकला होता. कोणी पाना नीट फिरवला की नाही, याचा त्याच्याशी संबंध नव्हता. पुढच्या रॉकेटवर स्टेनलेस स्टीलचे नट आले आणि तो विषय मिटला. ज्याच्या हातात पाना होता त्याच्यासाठी तो किती मिटला असेल, हे वेगळं.

हा प्रसंग मी कोणाची उणीदुणी काढायला सांगत नाहीये. अपघातानंतर पहिलं बोट कुठे जातं हे बघायची मला सवय लागलीय, एवढंच. धाडस सांगताना वाक्याचा कर्ता ‘मी’ असतो. नुकसान सांगताना तो कर्ता हळूच सरकतो. आणि हे फक्त त्यांचंच होतं असं नाही, आपलंही होतं.

आता दुसरी बाजू, कारण ती तितकीच खरी आहे. दुसरं उड्डाण मार्च २००७ मध्ये टाकीतल्या इंधनाच्या हिंदकळण्यानं फसलं. तिसरं ३ ऑगस्ट २००८ रोजी. तिसऱ्याची गंमत बघा. पहिला टप्पा, म्हणजे रॉकेटचा खालचा भाग, विझला, पण पुरता विझला नव्हता. नव्या इंजिनाला गार ठेवणाऱ्या नळ्यांत थोडं इंधन उरलं होतं, त्यानं किंचितसा रेटा दिला आणि सुटलेला पहिला टप्पा मागून येऊन दुसऱ्यावर आदळला. जमिनीवर हवेच्या दाबात हा रेटा जाणवण्याजोगा नव्हता. वर पोकळीत तो पुरेसा ठरला. मग दुरुस्ती काय? इंजिन विझणं आणि टप्पे सुटणं यांच्यामध्ये काही सेकंद जास्त थांबायचं. बस्स. आठ आठवड्यांनी, २८ सप्टेंबरला, चौथं रॉकेट कक्षेत पोचलं. त्यावर खराखुरा उपग्रहसुद्धा नव्हता, १६५ किलोचं नुसतं वजन होतं. तीन महिन्यांच्या आत नासाचं १६० कोटी डॉलरचं कंत्राट आलं.

कंपनी काढताना यशाची शक्यता दहा टक्क्यांहून कमी वाटत होती, असं मस्क यांनी अनेकदा सांगितलंय. मला ते पटतं. पैसा बराचसा त्यांच्या स्वतःच्या खिशातला होता, सुमारे दहा कोटी डॉलर. रॉकेट त्यांचं. बेट जवळपास निर्मनुष्य. तिसऱ्या रॉकेटमध्ये दोनशेहून जास्त माणसांच्या अस्थींचे कण होते, अंतराळवीर गॉर्डन कूपर यांच्यासुद्धा, पण त्यांना आता कसली भीती! थोडक्यात, बुडालं असतं तर प्रामुख्यानं त्यांचंच बुडालं असतं. याला मराठीत नेमकं क्रियापद आहे: पत्करणं. जोखीम पत्करली. पत्करायला आधी आपली संमती लागते. दुसरं क्रियापद आहे लादणं. तिथे संमतीचा प्रश्न येत नाही, म्हणून तर ते लादणं. इंग्रजी भाषणात दोन्हींसाठी एकच गुळगुळीत शब्द चालून जातो. आपल्याला क्रियापद निवडावंच लागतं, आणि ते निवडताना माणूस पकडला जातो.

टक्केवारी उघड सांगण्याची किंमत कळायची असेल तर १९८६ कडे बघा. नासाचं चॅलेंजर हे शटल यान आकाशात विखुरलं, सात माणसं गेली. चौकशी आयोगावर रिचर्ड फाइनमन हे भौतिकशास्त्रज्ञ होते. त्यांनी विचारत विचारत जे बाहेर काढलं ते असं: नासाचे व्यवस्थापक अपघाताची शक्यता लाखात एक मानत होते, आणि प्रत्यक्ष यंत्रांशी झटणारे अभियंते शंभरात एकाच्या आसपास. लाखात एक म्हणजे रोज एक शटल उडवलं तर जवळपास तीनशे वर्षांत एक अपघात. शेवटी हिशेब काय झाला? १३५ उड्डाणं, दोन यानं गमावली, चौदा माणसं. दुसरं यान कोलंबिया, कल्पना चावला ज्यात होत्या. अभियंत्यांचा आकडा किती जवळ होता ते तुम्हीच बघा.

या पार्श्वभूमीवर कोणी मंचावर उभं राहून म्हणतो की ‘हे बहुधा कक्षेपर्यंत जाणार नाही’, तेव्हा मला आधी बरंच वाटतं. स्पेसएक्सच्या फाल्कन हेवी या मोठ्या रॉकेटच्या वेळी मस्क तसंच म्हणाले होते. निदान उड्डाणतळाचं नुकसान होणार नाही इतकं लांब गेलं तरी मी जिंकलो समजेन, असं. ६ फेब्रुवारी २०१८ रोजी ते रॉकेट व्यवस्थित उडालं आणि बाजूचे दोन्ही बूस्टर जोडीनं जमिनीवर उतरले. लोक वेडे झाले, मीही झालो. पण नंतर लक्षात येतं की या बोलण्यात एक सोय आहे. फसलं तर ‘मी सांगितलंच होतं’, जमलं तर चमत्कार. एकाच घटनेबद्दल कोणी निम्मी शक्यता सांगितली, तर तो कधीच चुकत नाही. प्रामाणिकपणा आणि अपेक्षा खाली आणून ठेवण्याची हुशारी एकाच वाक्यात गुण्यागोविंदानं नांदू शकतात.

आणि एक विसंगती बघा. शक्यता सांगताना इतका सावध असणारा हाच माणूस तारीख सांगताना कमालीचा उदार असतो. २०१७ मध्ये त्यांनी पडद्यावर दाखवलं होतं: २०२२ ला मंगळावर मालवाहू यानं, २०२४ ला माणसं. दोन्ही सालं आली आणि गेली. मला यात खोटेपणा दिसत नाही. तारीख हुकली तर कोणी मरत नाही, आणि जवळची तारीख माणसांना रात्ररात्र जागवते. पण ऐकणाऱ्यानं आपल्या मनात दोन वेगळ्या वह्या ठेवाव्यात.

आता माणसांचं. मेक्सिकोतल्या ग्वादालाहारा शहरात सप्टेंबर २०१६ मध्ये मस्क यांनी मंगळाची योजना मांडली. पहिल्या प्रवासांत कोण जाणार, असं विचारल्यावर ते म्हणाले की मृत्यूचा धोका मोठा असेल, त्याला इलाज नाही; मरायची तयारी असेल तर तुम्ही उमेदवार. मुलांना पाठवा असं मी सुचवणार नाही, हेही त्यांनी जोडलं. माझ्या मते हे त्यांच्या जाहीर बोलण्यातलं सर्वांत सरळ बोलणं. अमेरिकेचा २००४ चा कायदाही याच धर्तीवर आहे. पैसे देऊन अंतराळात जाणाऱ्याला लेखी सांगावं लागतं की हे यान प्रवाशांसाठी सुरक्षित असल्याचं सरकारनं प्रमाणित केलेलं नाही, आणि त्यानं ते समजून सही करायची.

सही मात्र समजुतीइतकीच मजबूत असते. जून २०२३ मध्ये टायटॅनिकचे अवशेष बघायला निघालेली टायटन पाणबुडी चिरडली गेली, पाच जण गेले. कंपनीचे प्रमुख स्टॉकटन रश स्वतः आत होते. एका मर्यादेपलीकडे सुरक्षितता म्हणजे निव्वळ नासाडी, असं ते आदल्याच वर्षी बोलले होते. मालक स्वतः आत बसतो म्हणजे त्यानं जोखीम जोखलीय, असं आपण धरून चालतो. जोखणं म्हणजे तोलणं. स्वतःवर गाढ विश्वास असणारा माणूस न तोलताही आत बसू शकतो, आणि शेजारच्याला त्याच्या विश्वासाकडे बघून धीर येतो.

आता मला खरं खटकतं ते. स्टारशिप या स्पेसएक्सच्या महाकाय रॉकेटच्या पहिल्या मोठ्या उड्डाणाआधी मस्क म्हणाले होते की कक्षा गाठायची शक्यता साधारण निम्मी, पण कंटाळा येणार नाही याची हमी. २० एप्रिल २०२३, टेक्सासचा दक्षिण किनारा, बोका चिका. तळाखाली ज्वाला वळवून नेणारा चर नव्हता. तो न बांधण्याचा बेत चूक ठरू शकतो, हे स्वतः मस्क यांनीच २०२० मध्ये लिहून ठेवलं होतं. ३३ इंजिनांच्या रॉकेटनं खालचं काँक्रीट उखडून काढलं, ढेकळं दूरवर फेकली गेली आणि बारीक भुकटीचा ढग दहा किलोमीटरवर पसरला. वर रॉकेट भरकटल्यावर ते नष्ट करण्याची यंत्रणा चालली खरी, पण रॉकेट प्रत्यक्ष फुटायला चाळीस सेकंदांच्या आसपास लागले. रॉकेट शहराच्या दिशेनं वळलं असतं, तर ते चाळीस सेकंद किती मोठे झाले असते! मस्क यांनी नंतर त्या धुळीला माणसानं केलेलं वाळूचं वादळ म्हटलं, विषारी नव्हतं म्हणाले, आणि पुन्हा असं करायचं नाही असंही म्हणाले. तिन्ही गोष्टी खऱ्या असतील. पण ज्याच्या खिडकीवर ती वाळू बसली त्यानं कुठेच सही केली नव्हती.

पुढे १६ जानेवारी २०२५. सातवं उड्डाण, वरचं यान फुटलं, टर्क्स आणि कायकोस बेटांच्या आकाशातून जळते तुकडे ओघळत गेले. दिसायला विलक्षण सुंदर, नाकारत नाही. त्या भागातली प्रवासी विमानं वळवली गेली, काही घिरट्या घालत राहिली. मस्क यांनी तोच व्हिडिओ टाकून लिहिलं की यशाची खात्री नाही, पण मनोरंजनाची हमी. म्हणजे दोन वर्षांपूर्वीचंच वाक्य, थोडं घासूनपुसून. ओमेलेकवर ते शोभलं असतं. विमानात पट्टा बांधून बसलेल्या माणसाला ते ऐकवून बघा. वाक्य तेच राहतं, पण जोखीम सहन करणारा माणूस बदललेला असतो, आणि बोलणाऱ्याच्या ते लक्षात येत नाही.

खाली उभ्या असलेल्या माणसासाठी एक आकडा आहे, पण मंचावर तो कोणी उच्चारत नाही. अमेरिकेची विमान वाहतूक यंत्रणा, एफएए, उड्डाणाला परवाना देताना हिशेब मागते: एका उड्डाणातून जनतेतल्या माणसांना होऊ शकणारी गंभीर इजा किंवा मृत्यू, सगळ्यांचा मिळून, सरासरी दहा हजारांत एकापेक्षा जास्त नको. रुक्ष आकडा. त्यात थरार नाही, म्हणून टाळ्याही नाहीत. शक्यता सांगण्याची सगळी रसाळ भाषा रॉकेटसाठी राखीव, आणि खाली उभ्या असलेल्यासाठी परवान्याची कलमं.

रॉकेटच्या पलीकडेही हीच भाषा गेलीय. २०१४ मध्ये एमआयटीत मस्क म्हणाले की कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणजे राक्षसाला आवतण. मार्च २०२३ मध्ये सर्वांत शक्तिशाली एआय प्रणालींचं प्रशिक्षण सहा महिने थांबवा म्हणणाऱ्या पत्रावर त्यांची सही होती, आणि जुलैत त्यांनी स्वतःची एआय कंपनी जाहीर केली. पुढच्या वर्षी म्हणाले, सर्वनाशाची शक्यता दहा-वीस टक्के, पण चांगल्याची शक्यता जास्त आहे. बोलण्याचा ढंग तोच, फाल्कन हेवीचा. हा काही मोजून काढलेला आकडा नव्हे, हे मान्य. पण उद्योजकाच्या तोंडी दहा-वीस टक्के म्हणजे चांगला सौदा वाटतो, कारण त्यांनी आयुष्यात याहून वाईट शक्यतांवर पैसा लावून जिंकलंय. फरक इतकाच की तेव्हा डावावर पैसा आणि रॉकेट होतं. आणि फाल्कन १ ला चौथं उड्डाण मिळालं होतं.

मग या माणसाला दुसऱ्याच्या जिवाबद्दल वेगळं बोलताच येत नाही का? येतं. ३० मे २०२०. डग हर्ली आणि बॉब बेनकेन हे दोघे स्पेसएक्सच्या ड्रॅगन यानातून निघाले, खासगी कंपनीच्या यानातून कक्षेत जाणारे पहिले अंतराळवीर. अंतराळवीरांचा जीव जाण्याच्या शक्यतेवर नासानं इथे मर्यादा घातली होती २७० मध्ये एक. त्याआधी मस्क म्हणाले होते की सगळं नीट झालं तर श्रेय टीमचं, बिघडलं तर दोष माझा, मी मुख्य अभियंता आहे. ओमेलेकच्या नटापासून चौदा वर्षं लागली या वाक्याला. उड्डाणानंतरच्या पत्रकार परिषदेत त्यांना बोलणं जड जात होतं. दोन्ही अंतराळवीरांच्या कुटुंबांना भेटल्यावर मुलांना काय सांगितलं, ते त्यांनी तिथे सांगितलं: तुमचे बाबा सुखरूप परत यावेत म्हणून आम्हाला करता येण्यासारखं सगळं केलंय. विनोद नाही, टक्केवारी नाही. आणि लगेच पुढे, की अजून परतायचंय, परतीचा टप्पा काही बाबतीत चढण्यापेक्षा धोक्याचा असतो, तेव्हा विजय जाहीर करू नका. दोघे २ ऑगस्टला मेक्सिकोच्या आखातात उतरले.