बर्फाखालचा संघ : बोस्टन रेड सॉक्स, हिवाळा २०१२–१३

[दृश्य : फेनवे पार्कमागची गल्ली. फेब्रुवारीतली सकाळ. मागची दारं उघडी टाकलेला लांबलचक ट्रक, खोकी, ढकलगाड्या.]

२०,४०० चेंडू. १,१०० बॅटी. बॅटिंगचे २०० हातमोजे, २०० हेल्मेट. ३०० पँटी, ४०० जोड पायमोजे. बबलगमची २० खोकी आणि सूर्यफुलाच्या बियांची ६०.

दर फेब्रुवारीत बोस्टनमधून हा ट्रक निघतो आणि जवळपास २,४०० किलोमीटर दक्षिणेला, फ्लोरिडातल्या फोर्ट मायर्सला पोचतो. बोस्टनच्या रेड सॉक्स या बेसबॉल संघाचा हंगामपूर्व सराव तिथे असतो. ट्रक हलला की थंडीत कुडकुडत उभी असलेली माणसं टाळ्या वाजवतात. त्या गर्दीत खेळाडू शोधू नका. या टाळ्या सामानाला आहेत.

सामानाची यादी दरवर्षी तीच असते. माणसांची यादी मात्र नव्याने करावी लागते, आणि २०१२ च्या हिवाळ्यात ती जवळपास कोऱ्या कागदावर करायची होती.

[दृश्य : बर्फाने झाकलेलं मैदान. घडी घातलेल्या निळ्या लाकडी खुर्च्या.]

रेड सॉक्सचं मैदान फेनवे पार्क उघडलं २० एप्रिल १९१२ रोजी. म्हणजे २०१२ हे मैदानाचं शताब्दी वर्ष. जुने खेळाडू आले, भाषणं झाली, केक कापले गेले आणि संघाने ६९ सामने जिंकून ९३ गमावले. १९६५ नंतरची सर्वांत वाईट कामगिरी. पाच संघांच्या गटात पाचवं स्थान.

हे एका वर्षात झालं नव्हतं. आदल्या वर्षीच्या सप्टेंबरात २७ पैकी २० सामने हरून संघ बाद फेरीबाहेर फेकला गेला, आणि सामना चालू असताना काही पिचर, म्हणजे चेंडू फेकणारे खेळाडू, आत बसून बिअर नि तळलेलं चिकन झोडत होते, अशा बातम्या बाहेर आल्या. मैदानावर संघ चालवणारा जुना मॅनेजर गेला, खेळाडू निवडणारा जुना जनरल मॅनेजर गेला. नवा मॅनेजर बॉबी व्हॅलेंटाइन एकच हंगाम टिकला.

[दृश्य : ऑगस्ट २०१२ ची जुनी चित्रफीत. विमानातून उतरणारे खेळाडू, कॅमेऱ्यांचे झगझगाट.]

पण खरी सुरुवात हंगाम संपण्याआधीच झाली होती. २५ ऑगस्ट २०१२. एड्रियन गोन्झालेझ, ज्याचा करार ७ वर्षं, १५ कोटी ४० लाख डॉलरचा. कार्ल क्रॉफर्ड, ७ वर्षं, १४ कोटी २० लाख. जॉश बेकेट. आणि त्यांच्याबरोबर निक पुंटो. चौघेही लॉस एंजेलिस डॉजर्सकडे. बदल्यात पाच खेळाडू आले, बहुतेक तरुण. पण खरी कमाई ती नव्हतीच. पुढच्या वर्षांची २५ कोटी डॉलरहून जास्त देणी एका फटक्यात दुसऱ्याच्या वहीत गेली.

जनरल मॅनेजर बेन चेरिंग्टन यांच्या हाती आता पैसा होता आणि जागा रिकाम्या होत्या. अशा वेळी माणूस काय करतो? मोठं नाव आणतो. चाहत्यांना तेच हवं असतं आणि तिकिटंही त्यावरच खपतात.

[दृश्य : जमिनीवरून वर जाणारा कॅमेरा. डाव्या मैदानातली हिरवी भिंत, तिच्या पायथ्याशी बर्फ.]

आपल्याकडे संघबांधणी म्हटलं की आयपीएलचा लिलाव आठवतो. एक सभागृह, हातात पाट्या, वर हातोडा. एक-दोन दिवसांत सगळ्यांचा फैसला. बेसबॉलमध्ये लिलाव नाही. मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वांत वरच्या लीगमध्ये, सहा वर्षांची सेवा झालेला आणि करार संपलेला खेळाडू मोकळा होतो. त्याला फ्री एजंट म्हणतात. वर्ल्ड सिरीज, म्हणजे हंगामाची अंतिम मालिका, संपल्यावर पाच दिवसांनी तो कोणत्याही संघाशी करार करू शकतो. बाकीचे खेळाडू मिळवायचे तर अदलाबदल, तीही समोरचा तयार झाला तर. हा बाजार नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत फोनवर चालतो. मध्ये डिसेंबरात एकदा सगळे संघ एका हॉटेलात जमतात. त्या वर्षी ते नॅशव्हिलला होतं.

संघाच्या मोठ्या यादीत ४० नावं. त्यांतली प्रत्यक्ष खेळण्यासाठी तेव्हा २५. पगाराला कमाल मर्यादा नाही, पण २०१३ मध्ये १७ कोटी ८० लाख डॉलरच्या वर गेलं की वरच्या रकमेवर दंडवजा कर. आणि त्या हिवाळ्यात एक नवी मेख आली होती. जुना संघ आपल्या खेळाडूला १ कोटी ३३ लाख डॉलरचा एक वर्षाचा प्रस्ताव देऊ शकत होता. खेळाडूने तो नाकारला आणि दुसऱ्या संघाने त्याला घेतलं, तर त्या संघाने नवोदितांच्या निवडीतली आपली एक वरची पाळी घालवली. त्या वर्षी नऊ जणांना असा प्रस्ताव मिळाला. त्यांतला एक बोस्टनचाच डेव्हिड ऑर्टिझ. त्याला त्यांनी दोन वर्षांसाठी ठेवून घेतलं. उरलेल्या आठ नामवंतांपैकी एकालाही चेरिंग्टन यांनी हात लावला नाही.

दुधाने तोंड पोळलेलं होतं, हे खरं. पण आमच्या मते ही नुसती भीती नव्हती. ही भिंत पाहा.

[दृश्य : भिंत, जवळून. चेंडूंच्या माराने पडलेले खळगे. हाताने आकडे लावायचा धावफलक, मागून सरकवल्या जाणाऱ्या पाट्या.]

उंची ३७ फूट २ इंच. बॅटर उभा राहतो त्या होम प्लेटपासून डाव्या कोपऱ्यापर्यंत अंतर ३१० फूट, म्हणजे जेमतेम. उजव्या हाताने खेळणारा बॅटर चेंडू उंच उचलून डावीकडे ओढत असेल, तर दुसऱ्या मैदानात जो झेल जातो तो इथे भिंतीवर आदळतो आणि बॅटर दुसऱ्या बेसवर उभा असतो. धावफलकावरचे आकडे आजही आत बसलेली माणसं हाताने लावतात. आत उकडतं, पावसात गळतं, आणि खेळ दिसतो तो फटीतून.

या भिंतीसाठी दोन माणसं आणली गेली. जॉनी गोम्स, ३२ वर्षांचा, २ वर्षं, १ कोटी डॉलर. डावखुऱ्या पिचरसमोर चांगला, उजव्या हाताच्या पिचरसमोर बेताचा. पण तो एकटा नव्हता. संघात डॅनियल नावा होता. २००७ च्या हंगामानंतर रेड सॉक्सने त्याला कॅलिफोर्नियातल्या एका स्वतंत्र लीगमधल्या संघाकडून विकत घेतलं होतं, १ डॉलरला. मधल्या काळात त्याला ४० च्या यादीतून काढलं, तेव्हा बाकी २९ संघांपैकी कुणालाही तो नको होता. समोर डावखुरा पिचर असेल तर गोम्स, एरवी बहुतेक वेळा नावा. एका जागेसाठी दोन अर्धे खेळाडू. बेरीज पुरी होते आणि तिजोरी शाबूत राहते.

दुसरा माणूस माइक नेपोली.

[दृश्य : नेपोलीचे फटके, चेंडू भिंतीपलीकडे लॅन्सडाउन स्ट्रीटच्या दिशेने.]

पेशाने कॅचर, म्हणजे बॅटरमागे बसून पिचरचा चेंडू झेलणारा. ३ डिसेंबरला नॅशव्हिलमध्ये ठरलं : ३ वर्षं, ३ कोटी ९० लाख डॉलर. उरली होती फक्त वैद्यकीय तपासणी. त्या तपासणीत दोन्ही खुब्यांत दोष निघाला. हाडाच्या डोक्याला रक्त कमी पोचतं आणि हाड आतून मरत जातं, असा आजार. दुखत नव्हतं, त्याला स्वतःला पत्ताही नव्हता. करार लटकला. डिसेंबर गेला, नाताळ गेला, नवं वर्ष उजाडलं. जानेवारीत नवा आकडा आला : १ वर्ष, ५० लाख डॉलर, आणि मैदानात टिकला तर वरचे पैसे मिळून १ कोटी ३० लाखांपर्यंत. कॅचरचं उठबशीचं काम बंद. यापुढे पहिल्या बेसवर उभं राहायचं. इथे कुणालाही ‘चल, राहू दे’ म्हणून सोडून देता आलं असतं. सोडलं नाही, फक्त जोखीम वाटून घेतली. संघबांधणीत हिशेब कसा करतात हे पाहायचं असेल तर हा एक करार पुरे.

[दृश्य : मैदानाची उजवी बाजू. खांबापासून आत वळत जाणारी, लांब होत जाणारी कुंपणभिंत.]

आता उजवीकडे. खांबापाशी अवघे ३०२ फूट, पण तिथून कुंपण एकदम मागे पळतं. पिचरांच्या आवाराशी ३८० फूट. एवढी जागा धावून राखायची तर उजव्या मैदानातही मधल्या मैदानाचा खेळाडू लागतो. म्हणून शेन व्हिक्टोरिनो. ३ वर्षं, ३ कोटी ९० लाख. २०१२ त्याला वाईट गेलं होतं, आणि इतके पैसे कशाला, म्हणून चेरिंग्टन यांच्यावर टीकाही झाली. टीकाकारांनी बॅट पाहिली होती. संघाने त्याचे पाय आणि हात पाहिले.

बाकीची नावं भराभर घेऊ. पिचर रायन डेम्प्स्टर, २ वर्षं. राखीव कॅचर डेव्हिड रॉस, २ वर्षं, ६२ लाख. त्याला आणलं ते मुख्य कॅचरच्या पाठीशी उभं राहायला आणि पिचरांना सांभाळायला. शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधली जागा राखणारा, स्टीफन ड्रू, १ वर्ष, ९५ लाख. एकच वर्ष, कारण खालच्या लीगमध्ये अरूबा बेटावरचा २० वर्षांचा झँडर बोगार्ट्स तयार होत होता आणि त्याची वाट अडवायची नव्हती. शॉर्टस्टॉपची जागा रिकामी झाली तीही गमतीने. आधीचा माइक एव्हिलेस टोरांटोला दिला गेला होता, आणि त्याच्या बदल्यात आला होता मॅनेजर! जॉन फॅरेल. पूर्वी बोस्टनचाच पिचिंग कोच, तेव्हा टोरांटोशी करारबद्ध. मॅनेजरसाठी खेळाडू मोजायचा, हे बेसबॉलमध्येही रोज घडत नाही.

सातवा माणूस कोजी उएहारा.

[दृश्य : उएहारा. छोटी पावलं, चेंडू हातात घेतला की लगेच फेक. बॅटर चुकतो. पुन्हा. पुन्हा.]

जपानमधल्या योमिउरी जायंट्सचा जुना पिचर. वय ३७. १ वर्ष, ४२.५ लाख डॉलर. वेग ताशी १४५ किलोमीटरच्याही आतला, म्हणजे या लीगमध्ये हळूच. पण २०१२ मध्ये टेक्सासकडून ३६ डावांत त्याने ४३ बॅटर स्ट्राइकआउट, म्हणजे निव्वळ आपल्या फेकीने बाद, केले होते आणि चार वाईट चेंडू टाकून फुकटचा बेस दिला होता फक्त तिघांना. हा आकडा कुणापासून लपलेला नव्हता. इतर संघांना दिसलं ते वय.

शेवटच्या डावात सामना मिटवणारा पिचर म्हणून मात्र त्याचा विचार नव्हता. त्या कामासाठी नाताळच्या दुसऱ्या दिवशी पिट्सबर्गहून जोएल हॅनरहन आणला. बदल्यात मार्क मेलँकन गेला आणि आणखी तिघे, ज्यांतले दोघे ऑगस्टमध्येच लॉस एंजेलिसहून आले होते. चार महिन्यांत दुसऱ्यांदा सामान बांधलं त्यांनी. हा सौदा फसला. हॅनरहन मे महिन्यात कोपराच्या शस्त्रक्रियेला गेला, आणि मेलँकन पिट्सबर्गला चमकला.

[दृश्य : फोर्ट मायर्स. ऊन. तशीच हिरवी भिंत, भोवती ताडाची झाडं.]

सात नवे करार. एकही तीन वर्षांहून लांब नाही. सातपैकी सहा जण तिशी ओलांडलेले. फोर्ट मायर्सच्या मैदानावर बोस्टनसारखीच भिंत बांधलेली आहे, म्हणजे चेंडू तिच्यावरून कसा उसळतो याचा अभ्यास फेब्रुवारीतच सुरू होतो. गोम्स आणि नेपोलीने तिथे दाढी वाढवायला घेतली. मग इतरांनीही.

[दृश्य : दाढ्या. एकामागून एक. खेळाडू, मग प्रेक्षक, मग खोट्या दाढ्या लावलेली मुलं.]

१५ एप्रिल २०१३. बोस्टन मॅरेथॉन. अंतिम रेषेपाशी बॉम्बस्फोट.

[निवेदन थांबतं. बॉयलस्टन स्ट्रीट. पाच दिवसांनंतरचं फेनवे. फक्त मूळ आवाज.]

हॅनरहन गेला, त्याच्या जागी आलेल्या अँड्र्यू बेलीलाही ते काम जमेना आणि जूनच्या अखेरीस चेंडू उएहाराच्या हाती आला. हंगामात १०१ स्ट्राइकआउट, फुकटचे बेस ९, सलग ३७ बॅटरना बेस मिळू दिला नाही.

[दृश्य : ऑक्टोबर. डेट्रॉईटविरुद्ध व्हिक्टोरिनोचा ग्रँड स्लॅम, म्हणजे तिन्ही बेस भरलेले असताना मारलेला होम रन. सेंट लुईसमध्ये गोम्सचा होम रन. रॉसचा डबल. प्रत्येकाचा चेहरा, संथ गतीने.]

९७ विजय, ६५ पराभव. ३० ऑक्टोबर २०१३ ला सेंट लुईस कार्डिनल्सविरुद्ध वर्ल्ड सिरीजचा सहावा सामना ६–१ असा जिंकून रेड सॉक्स विजेते. फेनवेवर विजेतेपदाचा सामना जिंकण्याची १९१८ नंतरची पहिलीच वेळ.

[दृश्य : रॉसच्या मिठीत उंच उचललेला उएहारा. गर्दी. निवेदन नाही.]

पाच दिवसांनी बाजार पुन्हा उघडला. मधल्या मैदानाचा खेळाडू जेकोबी एल्सबरी ७ वर्षांच्या, १५ कोटी ३० लाखांच्या करारावर यँकीजकडे गेला. नेपोली राहिला. ड्रूने १ कोटी ४१ लाखांचा तो एक वर्षाचा प्रस्ताव नाकारला. पण आता त्याला घेणाऱ्या संघाला पाळी घालवावी लागणार होती, त्यामुळे त्याला कुणीच विचारेना. हंगाम सुरू झाला तरी तो घरीच. २०१४ च्या मे महिन्यात शेवटी बोस्टननेच त्याला परत बोलावलं. जुलैच्या अखेरीस दोघांनाही दुसरीकडे पाठवलं गेलं, ड्रूला आणि गोम्सला. त्या वर्षी ७१ विजय, ९१ पराभव. गटात पाचवं स्थान.

[दृश्य : श्रेयनामावली.]