कच्ची वही तपासा

नमस्कार. सहावी ते आठवीच्या मुलींना स्वतःच्या बळावर शिकायला मदत कशी करायची आणि त्या तशा शिकताहेत का हे ओळखायचं कसं, असा आजचा विषय आहे. समोर शिक्षिका आहेत, पालक आहेत. म्हणजे वह्या तपासणारे आणि वह्यांना कव्हरं घालणारे. म्हणून वहीपासूनच सुरुवात करते.

सातवीच्या एका वर्गात मागे बसून गणिताचा तास पाहत होते. फळ्यावर प्रश्न होता: वस्तूची किंमत आधी २० टक्क्यांनी वाढली, मग २० टक्क्यांनी कमी झाली, आता ती किती? माझ्या शेजारच्या मुलीनं वहीच्या मागच्या पानावर आधी लिहिलं, ‘तेवढीच’. मग थांबली. १०० रुपये धरले, १२० झाले, त्याचे २० टक्के २४, उरले ९६. तिला ते पटेना. ५०० धरून पुन्हा केलं, उत्तर आलं ४८०. मग बाजूला बारीक अक्षरात लिहिलं, ‘नेहमी कमीच होणार?’ कुणी सांगितलं नव्हतं, कुणी विचारलं नव्हतं! एका उदाहरणावर विश्वास न ठेवता तिनं दुसरं घेतलं आणि त्यातून स्वतःचा प्रश्न काढला. गणित म्हणतात ते हेच.

तास संपत आला तशी तिनं खोडरबर काढला आणि ते सगळं पुसून टाकलं. फळ्यावरचं उत्तर पक्क्या वहीत उतरवलं, खाली पट्टीनं रेघ मारली. वही तपासून आली तेव्हा शेरा होता, ‘अक्षर छान’.

त्या बाईंना मी दोष देत नाही. वर्गात साठ मुलं असली की नजर आधी टापटिपीवरच जाते. पण मुलींच्या वर्णनात्मक नोंदी काढून बघा. ‘शांत बसते’, ‘गृहपाठ वेळेवर करते’, ‘नीटनेटकी आहे’. ती कुठे अडते, अडल्यावर काय करते, याचा एक शब्द नसतो. बारा-तेरा वर्षांची मुलगी यातून एवढंच शिकते की चूक दिसता कामा नये. प्रकल्पांचंही तेच. प्रकल्पांचे दिवस आले की संध्याकाळी अप्पा बळवंत चौकात जाऊन पाहा, तयार तक्ते कोण निवडत असतं! श्रेणी मिळते मुलीला आणि जागरण झालेलं असतं आईचं. (हसताय म्हणजे अनुभव आहे.)

आणि हे कुठे, तर पुण्यात. १८४८ साली भिडे वाड्यात मुलींची शाळा निघाली ते हे गाव. फुले दांपत्याच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवेचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिताना तिनं थेट धर्माला प्रश्न विचारले. शाळकरी मुलीचा निबंध आजही वाचला जातो तो त्या प्रश्नांसाठी.

पाच मिनिटं उरल्याची चिठ्ठी आली आहे, तेव्हा उपाय भरभर सांगते.

२०१० पासून आपल्याकडे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आहे. त्यात आकारिक मूल्यमापनाचा, म्हणजे वर्षभर वर्गात चालणाऱ्या कामाच्या तपासणीचा, वाटा पहिली-दुसरीला ७० टक्के धरला आणि सातवी-आठवीला ४०. म्हणजे मुलगी स्वतःच्या शिकण्याकडे पाहू लागते त्या वयात आपण शिकण्याच्या वाटेपेक्षा परीक्षेला जास्त वजन देतो. तो वाटा बदलणं आपल्या हातात नाही, पण त्यात काय तपासायचं हे आहे. माझं म्हणणं, कच्ची वही तपासा. खोडरबर बंद, चुकलं तर एक आडवी रेघ, म्हणजे खालचं वाचता येतं. आठवड्यातून एकदा मुलीनं आपलंच एक अडलेलं काम निवडावं आणि दोन ओळी लिहाव्यात: कुठे अडले, मग काय केलं. बाईंनी तिथे गुण देऊ नयेत, एक प्रश्न लिहावा. आठवड्याला दहाच वह्या घ्या, साठ नकोत. सत्राअखेरीस स्वतःची नोंद आधी मुलीनं लिहावी, नंतर बाईंनी. दोन्हींत फरक असेल तर पाच मिनिटं बोलावं. २०२० च्या शैक्षणिक धोरणानं प्रगतिपत्रकात विद्यार्थ्याच्या स्वयंमूल्यमापनाला जागा दिली आहे, त्यामुळे कुणाच्या परवानगीसाठी थांबू नका.

आणि स्वतः शिक म्हणजे एकटी शिक नव्हे. दोन खोल्यांच्या घरात भांडी घासून, धाकट्या भावाला झोपवून मग वही उघडणारी मुलगी तुमच्या वर्गात आहे. तिला ‘घरी विचार करून ये’ सांगणं अन्याय आहे. हे कच्चं काम शाळेच्या वेळेतच व्हायला हवं, त्यासाठी वेळापत्रकात आठवड्याची एक तासिका काढा. पाळीच्या दिवसांत गैरहजर राहिली तर तिचे गुण कापू नका, राहिलेलं काम मैत्रिणीबरोबर करू द्या. पालकांना एकच विनंती: ती अडली की लगेच उत्तर सांगू नका. ‘आतापर्यंत काय करून पाहिलंस?’ एवढं विचारा आणि ती बोलेपर्यंत थांबा.