कार्ल्याला गेलात तर लेण्यात जरा थांबा

नमस्कार मंडळी, आज बोलायचंय कार्ल्याबद्दल. पुण्याहून लोणावळा लोकल पकडायची, मळवलीला उतरायचं, रिक्षाने पायथ्याशी जायचं आणि पायऱ्या चढायच्या, बास. एकवीरा आईच्या दर्शनाला आपल्यातले कितीतरी जण जातात, चैत्रात कोळी-आगरी मंडळींच्या पालख्या येतात. पण देवळाला लागूनच जो चैत्य, म्हणजे बौद्धांचं कोरीव प्रार्थनागृह आहे ना, तिथं लोक दारात फोटो काढतात आणि लगेच खाली उतरायला लागतात, ते बघून मला खरंच वाईट वाटतं.

आत जा. सुरुवातीला काही धड दिसत नाही, थांबा थोडं, डोळे सरावले की वरचं छत दिसायला लागतं. साधारण 45 मीटर लांब आणि 14 मीटर उंच असा हा अख्खा हॉल डोंगर पोखरून केलाय, आणि छताला कमानीसारख्या लाकडी फासळ्या आहेत, सागवानी, मूळच्याच, म्हणजे जवळपास दोन हजार वर्षं त्या तिथंच आहेत! दगडी छताला खरं तर लाकडाचा आधार लागतच नाही, पण आधीचे चैत्य लाकडाचे असायचे, त्यामुळे कारागिरांनी तेच रूप इथंही आणलं.

दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा खांब, वर गुडघे टेकून बसलेले हत्ती आणि त्यांच्यावर जोडपी. एकेका खांबापाशी उभं राहून बघा हो, काहींवर ब्राह्मी या प्राचीन लिपीतली अक्षरं दिसतील. ती दान देणाऱ्यांची नावं आहेत. वैजयंती नगरीचा शेठ भूतपाल इथल्या शिलालेखात म्हणतो, हे जंबुद्वीपातलं, म्हणजे भारतातलं, सर्वोत्तम शैलगृह (दगडात कोरलेलं घर) आहे, आणि आत उभं राहिलं की ते पटतं. पण मला जास्त भिडतात ती बाकीची नावं, धेनुकाकट गावचे यवन (म्हणजे ग्रीक), गंध विकणारा सिंहदत्त, आणि सामी नावाचा एक सुतार. बोरघाटातून व्यापाराची वाट जायची, त्या वाटेवरच्या अशा माणसांच्या पैशातून आणि हातातून हे उभं राहिलंय, राजाचं नाव माहीत नसलं तरी चालेल पण त्या सुताराचं नाव आपल्या मुलांना जरूर सांगा.

शेवटी स्तूप. आत पूजेला मूर्ती नाही, स्तूपच, आणि त्यावर लाकडी छत्र. बाहेर व्हरांड्यात बुद्धमूर्ती आहेत, त्या नंतरच्या काळातल्या.

लेण्याचं तोंड पश्चिमेला आहे, त्यामुळे दुपार कलल्यावर जा, मोठ्या खिडकीतून उजेड छान आत येतो. सकाळी भाजे लेणं उरकून घ्या, मळवलीच्या दुसऱ्या बाजूला, ते तर इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातलं, कार्ल्याहून जुनं. शनिवार-रविवार टाळता आला तर उत्तम, पाण्याची बाटली बरोबर ठेवा, आणि पोरांना आधीच बजावून ठेवा, खांबांवर एक रेघसुद्धा ओढायची नाही.